छत्री आली!

"आज पाहुणे येऊन राहिले, अन तुमचं ध्यान कुठं आहे?" पुष्पलतानं पाट्यावरचा वरवंटा न थांबवता विचारलं.

ईश्वरदासचं ध्यान गल्लीच्या तोंडाशी होतं. सकाळपासून तो मागावर बसला होता खरा, पण धोटा एकदा इकडून तिकडे जायचा आणि ईश्वरदासची मान दोनदा दाराबाहेर जायची. लुगड्याच्या काठात त्यानं एक चूक केली, ती उसवताना दुसरी केली आणि शेवटी माग सोडून उंबऱ्यावर येऊन बसला. त्या दिवशी लोकसभेची मतमोजणी होती.

महाल भागातल्या त्या गल्लीत ईश्वरदास म्हणजे छत्रीचा माणूस. नागपूरच्या जागेसाठी एक वकीलसाहेब अपक्ष उभे होते आणि त्यांना छत्री हे चिन्ह मिळालं होतं. विणकरांना सूत स्वस्तात मिळवून देऊ, असं ते एका सभेत म्हणाले. ईश्वरदास त्या सभेत पहिल्या रांगेत बसला होता. भाषण संपायच्या आतच तो छत्रीचा झाला. पुढचा महिनाभर त्यानं गेरूचा डबा घेऊन दिसेल त्या भिंतीवर छत्री काढली. हात विणकराचा असला तरी काही चित्रकाराचा नव्हता.

"ही छत्री नोहे गा," समोरच्या घरातला रुपराव म्हणाला होता, "ही कुत्र्याची छत्री आहे. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवते न, थे!"

रुपरावचं गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तो जन्माचा कंदीलवाला होता. कंदील ही मोठ्या पक्षाची निशाणी. कुठंही जा, त्या पक्षाचा उमेदवार कंदिलावरच उभा असायचा. गल्लीत बाकी सगळे छत्रीचे, एकटा रुपराव कंदिलाचा, त्यामुळे दोघांचं रोज पानठेल्यावर वाजायचं. एका संध्याकाळी चार माणसांसमोर रुपराव बोलून गेला, "तुझी छत्री आली न, त मी तुझ्या डोक्यावर छत्री धरून बडकस चौकापावतर चालीन. जबान म्हन्जे जबान!"

हे सगळं ठीक होतं. अडचण एकच होती. उमरेडचे बाबनराव त्याच दिवशी येणार होते.

बाबनरावांचा मुलगा जागेश्वर पाटबंधारे खात्यात कारकून होता. ईश्वरदासची मुलगी चंद्रकला त्यांना पसंत पडली होती. आता फक्त तारीख काढायची राहिली होती आणि त्यासाठी बाबनराव स्वतः दुपारच्या बसनं येणार होते. सोयरीक जुळवणाऱ्या रामाजीनं दोन्ही घरांना आधीच बजावून ठेवलं होतं, "इलेक्शनचे दिवस आहेत, राजकारणाची गोष्ट काढजा नका." म्हणून पहिल्या भेटीत बाबनराव म्हणाले होते, "आमच्या घरी राजकारण नाही जी." आणि ईश्वरदासही नखांतला गेरू लपवत म्हणाला होता, "आमच्या इथं त पेपर बी येत नाही."

"पाहुणे आले की सांगजो," ईश्वरदास बायकोला म्हणाला. "मी इथंच बसून आहो."

"तुम्ही बसून आहात थे पाहूनच राहिली मी," पुष्पलता म्हणाली आणि तिनं मटणाच्या पातेल्याकडे मोर्चा वळवला. व्याह्यांसाठी सावजी रस्सा व्हायचा होता. त्याच्या वासानं गल्लीतल्या मांजरांनीसुद्धा निवडणुकीचा विचार सोडून दिला होता.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. गल्लीतलाच मुकुंद मतमोजणीच्या जागी सकाळपासून तळ देऊन बसला होता. तो एका हातानं हँडल आणि एका हातानं टोपी धरून सुसाट येत होता. मुकुंद माणूस मनाचा चांगला. फक्त अर्धं ऐकायचं आणि पूर्ण सांगायचं, ही त्याची सवय होती.

"छत्री आली गा! छत्री आली!"

"पक्कं?" ईश्वरदास उभा राहिला.

"अरे, भोंग्यावर सांगितलं न! छत्री निवडून आली म्हने. लोकं नाचून राहिले तिथं. मी त पूरं ऐकाले थांबलोच नाही, सीधा तुम्हाले सांगाले आलो!"

पुढच्या पाच मिनिटांत गल्लीतले सगळे माग बंद पडले. कुठून तरी ढोल आला, कोणी तरी पितळी परात बडवायला घेतली आणि गुलालाची पुडी फुटली. ईश्वरदासला लोकांनी नखशिखांत लाल करून टाकलं. मग सगळ्यांच्या माना सायकलच्या दुकानाकडे वळल्या.

रुपराव पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत बसला होता. त्यानं ट्यूब बाजूला ठेवली, हात पुसले आणि घरात गेला. बाहेर आला तो आपली काळी छत्री घेऊन. तिची एक काडी मोडलेली होती. ती त्यानं ईश्वरदासच्या डोक्यावर उघडली.

"चाल," तो म्हणाला. "लवकर उरकवून टाकू."

"अहो, पाहुणे!" आतून पुष्पलता ओरडली.

"बडकस चौकापावतर जाऊन येतो वं! मटन शिजेपावतर वापस!"

मार्चचं ऊन तापलं होतं. मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली. पुढे ढोल, मागे परात, मधे छत्रीखाली लालबुंद ईश्वरदास, आणि छत्री धरून, तुरुंगात निघाल्यासारखा चेहरा केलेला रुपराव. "छत्री आली! छत्री आली!" ईश्वरदास हात वर करून नाचत होता. समोरून एक सायकल-रिक्षा आत शिरली. तिच्यात स्वच्छ धोतर-टोपीतले बाबनराव बसले होते. मांडीवर पेढ्यांचा पुडा होता.

ईश्वरदास आनंदानं पुढे धावला. "या जी, या! चांगल्या टाइमावर आले! छत्री आली!" आणि व्याह्यांच्या कपाळाला त्यानं भरघोस गुलाल लावला. थोडा टोपीवरही गेला.

बाबनरावांनी टोपी काढून पाहिली. त्यांचा चेहरा गुलाल लागला नव्हता तिथंही लाल झाला.

"मले बोलावलं कायले, ईश्वरदासजी? हे दाखवाले?"

"काय झालं जी?"

"आमचं घर जळून राहिलं, अन तुम्ही शेकून घेऊन राहिले! अन म्हने पेपर बी येत नाही घरी!" बाबनरावांनी रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारली. "फिरव गा रिक्षा. स्टँडवर घे. उमरेडची बस भेटली पाहिजे मले."

रिक्षा फिरली आणि गेली. ढोल थांबला. परात आणखी दोनदा वाजली आणि तीही थांबली.

"यांचं कोनतं घर जळलं?" ईश्वरदासला काही उमजेना. "नागपुरात छत्री आली त उमरेडवाल्याच्या पोटात काहून दुखावं?"

"पाहुणा कंदीलवाला दिसते," रुपराव छत्रीखालून म्हणाला. आज पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जरा जीव आला. "मानूस चांगला आहे."

पुष्पलता मसाल्याच्या हातांनीच बाहेर आली होती. तिनं जाणारी रिक्षा पाहिली, नवऱ्याचा अवतार पाहिला आणि तिला सांगायला कोणाची गरज पडली नाही.

"घातली पोरीच्या सोयरिकीवर छत्री! आता उभे काहून आहात? जा न, आना त्याइले वापस!"

दारात चंद्रकला उभी होती. नवी साडी नेसली होती. आत जाऊन तिनं चुलीत फुंकर घातली. चूल चांगली धडधडत पेटलेलीच होती.

ते बघितलं आणि ईश्वरदास पळत सुटला. मागोमाग रुपराव, छत्री उघडीच.

"तू कायले येऊन राहिला?" ईश्वरदास धापा टाकत म्हणाला.

"बडकस चौक येईपावतर छत्री मिटवनार नाही. जबान म्हन्जे जबान!"

"अरे, मले व्याही पकडाचे आहेत!"

"मंग पळ न! मी काय धरून ठेवलं तुले? मी त फक्त छत्री धरून आहो."

असे ते दोघे महालाच्या बाजारातून पळत निघाले. पुढे गुलालानं माखलेला एक माणूस, मागे त्याच्या डोक्यावर वाऱ्यानं उलटीसुलटी होणारी छत्री धरून दुसरा. दुकानदार गल्ला सोडून बाहेर येऊन बघत होते.

बडकस चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध फुलांनी सजवलेला एक ट्रक, ट्रकवर माणसाएवढा पुठ्ठ्याचा कंदील, आणि चहूबाजूंनी नाचणारी माणसं.

"पाह्य गा रुपराव," ईश्वरदास थबकला. "तुमचे लोकं हारून बी नाचून राहिले!"

रुपरावलाही हे जरा जास्तच वाटलं. त्यानं शेजारच्या नाचणाऱ्याला विचारलं, "काहून नाचून राहिले गा? छत्री आली न?"

"छत्री?" तो माणूस हसला. "छत्री रामटेकात आली! नागपुरात आपला कंदील! सव्वा लाखाच्या वर गेला. तू कुठं झोपला होता?"

आता कुठं उलगडा झाला. जिल्ह्यात जागा दोन, एक नागपूरची आणि एक रामटेकची. दोन्हींची मोजणी एकाच आवारात चालली होती. कंदील पक्षाचा, म्हणून तो दोन्हीकडे होता. पण छत्री ही अपक्षांची निशाणी. नागपुरात ती वकीलसाहेबांना मिळाली होती, तशीच रामटेकात कोणा दुसऱ्याच अपक्षाला मिळाली होती. या छत्रीचा त्या छत्रीशी काडीचा संबंध नव्हता. भोंग्यावर 'रामटेक' असंही सांगितलं होतं. पण तोवर मुकुंद सायकलवर बसला होता. आणि उमरेड येतं रामटेकच्या जागेत.

ईश्वरदासच्या डोक्यात दोन गोष्टी एकामागून एक पोचल्या. वकीलसाहेब पडले, ही पहिली. तिचं दुःख करायला त्याला वेळच मिळाला नाही, कारण लगेच दुसरी आली. आपण बाबनरावांच्या तोंडावर त्यांच्याच पराभवाचा गुलाल फासला होता.

रुपरावच्या डोक्यातही काहीतरी पोचत होतं, जरा सावकाश. त्यानं ट्रककडे पाहिलं. मग वर छत्रीकडे पाहिलं. मग छत्रीखालच्या ईश्वरदासकडे पाहिलं.

"म्हन्जे," तो म्हणाला, "मी जिंकून राहिलो होतो, अन तुझ्या डोक्यावर हे धरून महालभर पळून राहिलो होतो?"

"छत्री कोनाची बे?" गर्दीतून एक जाडजूड कार्यकर्ता पुढे आला. "कंदिलाच्या मिरवणुकीत छत्री कोनी आनली?"

रुपराव मनात आणता तर तिथंच महिन्याभराचा हिशेब चुकता झाला असता. ईश्वरदासनं डोळेच मिटून घेतले.

"माझी आहे," रुपराव छत्री मिटत म्हणाला. "उन्हासाठी आनली. अन हा आपलाच मानूस आहे. गुलाल नाही दिसून राहिला तुले?"

कार्यकर्त्यानं ईश्वरदासला खालून वर पाहिलं. एवढा लाल माणूस खुद्द ट्रकवरही नव्हता. त्यानं समाधानानं मान हलवली आणि निघून गेला.

"उमरेडची बस सुटन रे!" ईश्वरदास रडकुंडीला आला. पण पुढे रस्ता उरलाच नव्हता. माणसाला वाट मिळत नव्हती. वाट मिळत होती ती फक्त ट्रकला. त्याच्यासाठी मात्र लोक आपणहून बाजूला सरकत होते.

रुपरावनं ते हेरलं. ट्रकचा ड्रायव्हर त्याच्या दुकानावर गप्पा मारायला बसणाऱ्यांपैकी होता. रुपरावनं ट्रकच्या फळीला हात घातला. "चढ."

"कंदिलाच्या ट्रकवर? मी?"

"मंग छत्रीच्या ट्रकची वाट पाहतं का? थो रामटेकात आहे!"

ईश्वरदास चढला. वर कोणीतरी त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. रुपराव ड्रायव्हरच्या कानाशी वाकला, "एसटी स्टँडवरून घे. तिथं आपली बहुत पब्लिक उभी आहे." ड्रायव्हरला ते पटलं. पुठ्ठ्याचा कंदील डुलत डुलत गणेशपेठेकडे निघाला.

स्टँडवर उमरेडची बस सुरू होऊन घरघरत उभी होती. ती निघणार तोच ट्रक येऊन बरोबर फाटकात थांबला. कंडक्टरनं घंटी मारली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला; पण निवडून आलेल्या पक्षाला हॉर्न ऐकू येत नाही. बसच्या खिडकीत बाबनराव होते. मांडीवर पेढ्यांचा पुडा तसाच होता.

त्यांनी ट्रककडे पाहिलं. पुठ्ठ्याच्या कंदिलाला धरून, गळ्यात हार घातलेला त्यांचा व्याही उभा होता.

"बोल आता," रुपरावनं ईश्वरदासच्या बरगडीत कोपर मारलं.

"काय बोलू?"

"काय म्हन्जे? ट्रकवर लोकं काय बोलतात?"

ईश्वरदासनं तोंड उघडलं. महिनाभर ज्या तोंडानं कंदिलात तेल नाही, काच फुटली, वात जळली असं गल्लीत सांगितलं होतं, त्या तोंडातून आवाज निघेना. त्याला वकीलसाहेब आठवले. स्वस्त सूत आठवलं. मग पेटलेल्या चुलीत फुंकर घालणारी पोर आठवली.

"कंदील…" तो कसाबसा म्हणाला, आणि मग डोळे मिटून, सगळा जीव गोळा करून ओरडला, "कंदील की जय!"

ट्रक दणाणला. बाबनराव बसमधून उतरले. ट्रकपाशी येऊन त्यांनी वर पाहिलं.

"ईश्वरदासजी, तुम्ही कंदिलाचे?"

ईश्वरदासला हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना. डोळ्यांत गुलाल गेल्यामुळे पाणी मात्र वाहत होतं.

"पाहा जी, खुशीनं रडून राहिला मानूस," रुपराव पुढे सरसावला.

"मंग मघा गल्लीत छत्री-छत्री करून काहून नाचून राहिले होते?"

कंदिलाच्या इतक्या वर्षांच्या सेवेत रुपरावला इतकं चटकन खोटं कधी सुचलं नव्हतं.

"थे? थे छत्रीची मयत होती जी! नागपुरात छत्री मेली न आज. वाजतगाजत काढली आम्ही. 'आली' म्हन्जे, मयत आली, बाजूला व्हा, असं!"

बाबनरावांनी ईश्वरदासकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "चाला त मंग. भूक लागली."

तिघं रिक्षानं घरी आले. चंद्रकलानं पाय धुवायला पाणी दिलं. बाबनरावांनी पेढ्यांचा पुडा तिच्या हातात ठेवला, तेव्हा ईश्वरदासचा जीव भांड्यात पडला. रुपराव आपल्या घरी गेला. पाट मांडले गेले, ताटं वाढली गेली आणि बाबनरावांनी पहिला घास रश्श्यात बुडवला.

पुष्पलताला यातलं काही ठाऊक नव्हतं. ट्रक, हार, मयत, काहीच नाही. तिनं शेजारच्या रेडिओवर नागपूरचा निकाल मात्र ऐकला होता. नवऱ्याचा उतरलेला चेहरा पाहून तिला पाझर फुटला. भाकरी वाढता वाढता ती मायेनं म्हणाली, "जाऊ द्या आता. पडले वकीलसाहेब त पडले. एवढ्या भिंती रंगवल्या तुम्ही, अख्ख्या महालात छत्र्या काढल्या. अजून काय करतं मानूस?"

ईश्वरदासच्या हातातला घास तोंडापर्यंत जाऊन तिथंच थांबला. आपण काय बोललो हे पुष्पलताला कळलं नाही, पण काहीतरी बोललो हे कळलं. ती भाकरी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

बाबनरावांनी नळी फोडली, शांतपणे चोखली आणि ताटाच्या कडेला ठेवली.

"रस्सा मस्त झाला जी," ते म्हणाले. "अन ईश्वरदासजी, मले थे स्टँडवरच समजलं होतं."

"कसं काय जी?"

"तुमच्या सदऱ्यावर अजून छत्रीचा बिल्ला लटकून आहे. हाराच्या मागून दिसून राहिला होता."

ईश्वरदासनं खाली पाहिलं. गुलालानं लाल झालेला बिल्ला तिथंच होता.

"मंग तुम्ही उतरले काहून?"

"म्हटलं, छातीवर छत्री अन तोंडात कंदील, असा मानूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. पोरीसाठी एवढं गिळून राहिला, त याच्या घरी सोयरीक कराले हरकत नाही." बाबनरावांनी दुसऱ्या भाकरीकडे हात केला. "अन दुसरं असं, की ट्रक फाटकातच होता. बस तशी बी निघून नव्हती राहिली."

पुष्पलतानं घाईघाईनं भाकरी वाढली. आतल्या खोलीत कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या. मटणाचं पातेलं रिकामं व्हायच्या आत तारीख ठरली, आणि लग्नात दोन्हीकडच्या कोणीही कुठल्याही छत्रीचं नाव काढायचं नाही, एवढंच एक बाबनरावांनी पक्कं करून घेतलं.

हात धुवायला म्हणून ईश्वरदास दाराशी आला, तर बाहेर रुपराव उभा. हातात रिकामं ताट.

"काय गा?" ईश्वरदास म्हणाला. "आज त तुझा दिवस. तू घरी पुरनपोळी खाऊन राहिला असशील असं वाटलं मले."

"सुभद्रानं चूल नाही पेटवली." सुभद्रा ही रुपरावची बायको. "कोपऱ्यात तोंड फिरवून बसून आहे."

"काहून? तब्येत बरी नाही काय?"

"तब्येतीले काय झालं? थिचा उमेदवार पडला म्हन्ते."

ईश्वरदासला ऐकण्यात काही चूक झाली असं वाटलं. "कोनता उमेदवार?"

रुपरावनं एकदा आपल्या घराच्या बंद दाराकडे पाहिलं. मग उंबरा ओलांडून तो आत आला आणि बाबनरावांच्या शेजारच्या पाटावर बसला.

"तुमचावाला," तो म्हणाला आणि ताट पुष्पलतापुढे केलं. "वाढा न वयनी. रस्सा जरा ज्यास्त टाकजा."